वनयोजनेत गावाचा अभिप्राय

लेखक : कृषी अधिकारी, पलूस (जि. सांगली)

पलूस तालुक्याच्या शिवारातून कृष्णा वाहते. तिच्या काठी ऊस, मळ्यांत द्राक्षे, आणि काठापासून दूर जाताच हलकी होत जाणारी व शेवटी मुरमाला मिळणारी जमीन, अशी आपल्या भागाची साधारण रचना आहे. या उताराच्या माथ्यावर जे घडते त्याचा परिणाम पायथ्याच्या शेतात उतरल्यावाचून राहत नाही. डोंगर उघडा असेल तर ओढा पावसाळ्यात गढूळ होऊन धावतो आणि माघ महिन्यात कोरडा पडतो. डोंगरावर गवत टिकले तर विहिरीचे पाणी टिकते. रानात चारा व पाणी नसेल तर हरिण शाळूच्या पिकात शिरते. यास्तव डोंगरावरील योजना ही केवळ वनखात्याची बाब आहे असे शेतकऱ्याने समजणे, म्हणजे आपल्या शेताला पाणी आणणाऱ्या पाटाकडेच पाठ फिरविणे होय.

गावोगावी शेतकऱ्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. वनविषयक कामाबद्दल गावकऱ्यांचे म्हणणे असते, ते बहुधा योग्यही असते. परंतु ते बोलले जाते खड्डे खणून झाल्यावर, कुंपणाचे खांब रोवल्यावर किंवा पिकाची नासाडी झाल्यावर. योजना कागदावर असताना तीत बदल करणे सोपे असते. ती जमिनीवर उतरल्यानंतर तो बदल खर्चाचा व कटकटीचा होतो. म्हणून गावाने आपला अभिप्राय केव्हा, कोठे व कसा द्यावा याची माहिती ग्रामकार्यकर्त्यांना व शेतकरी बंधुभगिनींना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

सागरेश्वरचा धडा

आपल्या अगदी शेजारचे उदाहरण म्हणजे यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य. कडेगाव, वाळवा व पलूस या तीन तालुक्यांच्या सीमा जेथे मिळतात तेथे ते वसले आहे. त्याचे क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर असून १९८५ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. जवळच देवराष्ट्रे हे यशवंतरावांचे जन्मगाव असून तेथील सागरेश्वराच्या प्राचीन मंदिरांवरून या परिसराला हे नाव मिळाले.

या अभयारण्याचे वैशिष्ट्य असे की ते माणसाने घडविलेले आहे. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर झाडे उभी करण्याचा ध्यास घेतला आणि लोकांच्या श्रमांतून व शासनाच्या साहाय्याने तेथे रान उभे राहिले. या रानाला बारमाही पाण्याचा नैसर्गिक आधार नाही, आणि तेथील बहुतेक वन्यप्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत. आज तेथे काळवीट, सांबर, चितळ हे प्राणी पाहावयास मिळतात. ओसाड डोंगर हिरवा करता येतो हा या प्रयोगाचा पहिला धडा आहे, आणि तो कोणीही विसरता कामा नये.

दुसरा धडा तितकाच महत्त्वाचा आहे. माणसाने घडविलेल्या रानाला माणसाचे निर्णय कायमचे चिकटलेले असतात. पाणवठा कोठे करावा, गवत कोठे राखावे, झाडे किती दाट लावावीत, कुंपण कोठून न्यावे, या प्रत्येक निर्णयाचे फळ प्राण्यांना जसे मिळते तसे लगतच्या शेतकऱ्यालाही मिळते. काळविटाला मोकळे गवताळ माळरान हवे असते. सांबराला दाट झाडी व सावली लागते. चितळ झाडी व गवत यांच्या सीमेवर रमतो. एकाच डोंगरावर सगळीकडे सारखीच झाडे लावली तर यातील एखाद्याची सोय होते आणि दुसऱ्याची गैरसोय होते. ज्याची गैरसोय होते तो रानाबाहेर चारा शोधतो, आणि रानाबाहेर तर आपली ज्वारी, हरभरा व कोवळा ऊस उभा असतो. अभयारण्याबाहेर येणाऱ्या हरणांमुळे पिकांची हानी होते, ही आसपासच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. तिचे निवारण नुकसानभरपाईच्या अर्जाने काही अंशी होते. परंतु तिचे मूळ पुष्कळदा चारा, पाणी व कुंपण यांच्या नियोजनात असते. या नियोजनाच्या वेळी पायथ्याच्या गावाने बोलणे अगत्याचे आहे.

परिणामांची पूर्वतपासणी म्हणजे काय?

कोणतेही मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याचा जमीन, पाणी, हवा, वनस्पती, प्राणी व माणसे यांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करणे, तो अभ्यास लोकांपुढे ठेवणे, लोकांचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्यानंतरच निर्णय करणे, यास परिणामांची पूर्वतपासणी म्हणता येईल. शेतकऱ्यास ही कल्पना नवी नाही. विहीर खोदण्यापूर्वी तो पाणाड्यास विचारतो, शेजारच्या विहिरींचे पाणी पाहतो आणि ओढ्याची दिशा ध्यानात घेतो. तेच काम सार्वजनिक योजनेसाठी पद्धतशीरपणे करावयाचे असते.

अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी याविषयीच्या राष्ट्रीय कायद्यावर स्वाक्षरी झाली. मोठे काम करण्यापूर्वी तेथील केंद्रीय खात्यांनी, त्यात वनसेवाही आली, परिणामांचे निवेदन तयार करावे, लोकांचे अभिप्राय मागवावेत व अंतिम निवेदनात त्यांची दखल घ्यावी, असा प्रघात त्यातून पडला. आपल्या देशात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी अधिसूचना निघाली. तीनुसार खाणी, धरणे, कारखाने अशा ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागते व त्यांपैकी बहुतेकांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ही सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी तिचे अध्यक्षस्थान भूषवितात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. रोपवन करणे, रानातील झाडांची विरळणी करणे, पाणवठे बांधणे, कुंपण घालणे, अशी वनव्यवस्थापनाची नेहमीची कामे या अधिसूचनेच्या यादीत नाहीत. त्यामुळे त्यांसाठी जनसुनावणीची दवंडी गावात पिटली जाईल व मग आपण बोलू, असे म्हणून वाट पाहणारा शेतकरी वाट पाहतच राहील. वनव्यवस्थापनात गावाचे म्हणणे मांडण्याची दारे वेगळी आहेत. ती माहीत नसल्यामुळे ती बंद आहेत असा समज होतो.

कायद्याने ठेवलेली दारे

१. कार्य आयोजना. प्रत्येक वनविभागासाठी वनखाते साधारणतः १० वर्षांची कार्य आयोजना तयार करते. कोणत्या कक्षात काय करावयाचे, कोठे रोपवन, कोठे राखण, कोठे मृदसंधारण, हे तीत ठरते. या आयोजनेविषयीच्या राष्ट्रीय संहितेत, वनावर अवलंबून असणाऱ्या लोकांशी विचारविनिमय अपेक्षिलेला आहे. आपल्या गावाचे रान कोणत्या कक्षात येते व चालू आयोजनेची मुदत केव्हा संपते, एवढे जरी गावास ठाऊक असले तरी पुढील आयोजनेच्या वेळी योग्य क्षणी बोलता येते.

२. संयुक्त वनव्यवस्थापन समितीचा सूक्ष्म आराखडा. केंद्र शासनाने १ जून १९९० रोजी वनरक्षणात लोकांना सहभागी करून घेण्याचे धोरण जाहीर केले व महाराष्ट्राने १९९२ साली त्याबाबत निर्णय काढला. ज्या गावी अशी समिती आहे तेथे सूक्ष्म आराखडा गावानेच वनकर्मचाऱ्यांसह करावयाचा असतो. हे सर्वांत जवळचे दार आहे. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी आराखड्यावर सह्या होतात, पण चर्चा होत नाही.

३. वनहक्क कायदा, २००६. अनुसूचित जमातींप्रमाणेच इतर पारंपरिक वननिवासींनाही हा कायदा लागू आहे. मात्र त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनातील निवास व वनावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. सामूहिक वनहक्क मान्य झाल्यावर ग्रामसभेची समिती वनाच्या संवर्धनाचा व व्यवस्थापनाचा आराखडा करते आणि तो वनखात्याच्या आयोजनेशी जोडला जातो. या कायद्याखालील ग्रामसभेस निम्मे सभासद व उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे.

४. अभयारण्याची घोषणा व त्याभोवतीचे क्षेत्र. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे नवीन अभयारण्याचा मानस जाहीर झाल्यावर जिल्हाधिकारी गावोगावी प्रादेशिक भाषेत उद्घोषणा करतात व हक्क सांगणाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत मिळते. अभयारण्याभोवती पर्यावरणसंवेदी क्षेत्र ठरविताना मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो व हरकती व सूचनांसाठी ६० दिवस मिळतात. त्यानंतर तयार होणाऱ्या क्षेत्रीय आराखड्यातही स्थानिक लोकांशी विचारविनिमय व्हावयाचा असतो.

५. राखीव वन. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे एखादे क्षेत्र राखीव करावयाचे असल्यास वन जमाबंदी अधिकारी स्थानिक भाषेत उद्घोषणा करतात. त्यात हक्काचे दावे मांडण्यास किमान तीन महिन्यांची मुदत असते.

६. जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत ही समिती व लोक जैवविविधता नोंदवही असावयाची असते. आपल्या गावची झाडे, गवते, पक्षी, प्राणी व पाणवठे यांची नोंद तीत नीट असेल तर कोणत्याही अभिप्रायास पुराव्याचे बळ मिळते.

पुराव्याचे वजन

केवळ गर्दी जमवून विरोध नोंदविल्याने योजना सुधारत नाही, आणि केवळ मौन पाळल्यानेही नाही. योजनेला वळण लावते ती मोजून, पाहून व लिहून दिलेली माहिती. पश्चिम घाटाच्या बाबतीत याचा प्रत्यय आला. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्र ठरविण्यासाठी प्रथम डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली व पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली अहवाल दिला. केरळ राज्याने गावनिहाय प्रत्यक्ष पाहणी करून शेती व वस्तीचे भाग कोणते व रान कोणते हे दाखविले. त्यानंतर १० मार्च २०१४ च्या मसुद्यात त्या राज्यातील क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३.७ चौरस किलोमीटर इतके करण्यात आले. हा बदल निसर्गाच्या दृष्टीने योग्य की अयोग्य याविषयी मतभेद आहेत. परंतु नकाशावरची रेघ जमिनीवर जाऊन तपासली म्हणजे ती हलू शकते, हे त्यावरून दिसते. पुढे हा मसुदा पुनःपुन्हा प्रसिद्ध करावा लागला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला व त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र दाखविले आहे. प्रत्येक वेळी हरकतींसाठी ६० दिवस होते. त्या ६० दिवसांत ज्या गावाने काही लिहिले नाही, त्या गावाचे म्हणणे कागदावर नाही.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचे आहे. तेथील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची व निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची शिस्त अनेक वर्षे पाळली. २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आपल्या भागातील परिस्थिती वेगळी आहे, वनही थोडे आहे. परंतु आधी अभ्यास व मग ठराव हा क्रम कोणत्याही गावास घेता येण्यासारखा आहे.

अभिप्राय कसा तयार करावा?

समजा, गावामागील टेकडीच्या ४० हेक्टर उतारावर रोपवन करण्याची योजना आली आहे. अशा वेळी गावाने पुढील क्रमाने काम करावे.

प्रथम योजनेची प्रत मिळवावी. ती वनपरिक्षेत्र कार्यालयात मागावी. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. हरकतींची मुदत त्याआधी संपत असेल, तर हाती असलेल्या माहितीवर अभिप्राय देऊन टाकावा व पूरक अभिप्राय मागाहून पाठवावा.

दुसरे, शिवारफेरी काढावी. तीत गुराखी, मेंढपाळ, सरपण व गवत आणणाऱ्या स्त्रिया, पायथ्याचे शेतकरी व वृद्ध माणसे अवश्य असावीत. कोणत्या उतारावर माती वीतभर आहे, कोठे पाणी मुरते, ओढा कोठे उगम पावतो, मेंढरांची वाट कोणती, प्राणी कोठून उतरतात, वणवा दरवर्षी कोठून पेटतो, ही माहिती यांच्याजवळ असते. तिच्यावाचून कार्यालयातील नकाशा अपुरा राहतो.

तिसरे, पाहिलेले सर्व गट क्रमांकासह लिहून काढावे व हाताने का होईना, नकाशा काढावा. प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची तारीख, पीक व क्षेत्र यांची वही ठेवावी. नुकसान झाल्याबरोबर उशीर न लावता वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, कारण हेच पंचनामे पुढे योजनेतील त्रुटीचे पुरावे होतात.

चौथे, मागणी स्पष्ट करावी. “रोपवन नको” असे एका वाक्यात लिहून भागत नाही. या उदाहरणात गावास असे लिहिता येईल : माथ्यावरील १० हेक्टरांत माती अत्यंत उथळ असून तेथे मारवेल व पवना ही चांगली गवते आहेत, तरी तो भाग गवतासाठी राखावा, पायथ्याच्या खोल मातीत कडुनिंब, करंज, खैर, बोर, सीताफळ अशी या हवेला सोसणारी झाडे लावावीत, उतारावर समतल चर काढावेत, पाणवठा शेतापासून दूर, रानाच्या आतील बाजूस करावा, मेंढरांची वाट सोडावी, आणि चराईबंदीच्या काळात गवत कापून नेण्याची मुभा द्यावी. प्रत्येक मागणीपुढे तिचे कारण असावे.

पाचवे, हा अभिप्राय ग्रामसभेत वाचून, दुरुस्त करून ठरावाने मंजूर करावा. दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात देऊन दुसरीवर पोच घ्यावी. पोच नसलेला कागद पुढे कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

सहावे, उत्तराचा पाठपुरावा करावा. कोणती सूचना मानली, कोणती मानली नाही व का, हे लेखी विचारावे.

गावाचे कर्तव्य

अभिप्राय देण्याच्या हक्काबरोबर एक जबाबदारीही येते. आपल्या म्हणण्यात सगळ्या गावाचे हित असावे, चार मोठ्या खातेदारांचे नव्हे. ज्याच्याकडे जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत, त्याची चराई बंद झाली तर तो कोठे जाईल, याचा विचार ठरावात आला पाहिजे. त्याचप्रमाणे वनजमिनीवरील अतिक्रमण, वणवे लावणे, चोरटी तोड व बेसुमार चराई यांकडे डोळेझाक करून केवळ वनखात्यास दोष देणे न्याय्य नाही. गावाने अभिप्रायात आपल्याकडून काय देऊ केले आहे तेही लिहावे. जाळपट्टे काढण्यास किती माणसे येतील, रोपांची राखण कोणत्या वस्तीकडे राहील, चराईबंदीचे पालन कसे करवून घेतले जाईल, हे लिहिलेला अभिप्राय अधिक आदराने वाचला जातो.

वनकर्मचाऱ्यांनाही हे सोयीचेच आहे. आपल्या तालुक्यात कुंडल येथे वनाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राज्याची प्रबोधिनी आहे. तेथे जे वनशास्त्र शिकविले जाते त्याला शिवारातील माहितीची जोड मिळाली तर रोपे अधिक जगतील, कुंपणे कमी तुटतील आणि पंचनाम्यांचे ढीग कमी होतील.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपंचायत अधिकारी, कृषी खात्याचे गावपातळीवरील कर्मचारी व इतर कार्यकर्ते यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राजपत्रातील मसुदा किंवा उद्घोषणा गावास लागू असल्यास तिची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत फलकावर लिहावी. तिचा सारांश सोप्या मराठीत वाचून दाखवावा. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो विषय शेवटी न ठेवता प्रथम घ्यावा, कारण शेवटच्या विषयापर्यंत स्त्रिया व मजूर बहुधा थांबू शकत नाहीत. वस्तीवरील लोकांसाठी निराळी बैठक घ्यावी. आपले स्वतःचे मत लोकांवर लादू नये. लोकांचे म्हणणे नीट शब्दांत उतरविणे एवढेच आपले काम आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, सागरेश्वरचा डोंगर एके काळी उघडा होता व तो माणसांनी झाकला. ज्यांनी तो झाकला त्यांना खड्डा कोठे घ्यावा हे ठाऊक होते, कारण त्या उतारावर त्यांचे पाय रोज पडत होते. तीच माहिती आज पायथ्याच्या प्रत्येक गावात आहे. योजना करणाऱ्यांच्या मेजापर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. ती कागदावर उतरवून, ठराव करून व मुदतीत नेऊन द्यावी लागते. पुढील ग्रामसभेत एक प्रश्न अवश्य विचारा : आपल्या डोंगराची चालू आयोजना कोणती, आणि ती केव्हा संपते? या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून ठेवले म्हणजे कामाला आरंभ झाला असे समजावे.